चोवीस क्लब, दोनच जागा

यॉर्क, ९ जून २०२५

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेक्सहॅम या फुटबॉल क्लबच्या सलग तिसऱ्या बढतीवर आपल्या क्रीडा पानावर आलेला लेख वाचला. तीन वर्षांत पाचव्या श्रेणीतून थेट दुसऱ्या श्रेणीत पोचणारा क्लब इंग्लंडच्या वरच्या पाच श्रेणींत आजवर झाला नव्हता. त्यामुळे त्यावर जागा खर्च केलीत ते योग्यच. पण लेखाचा सगळा भर रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकलेनी या दोन नटांच्या पैशावर आहे, आणि २००८ ते २०२३ या पाचव्या श्रेणीतल्या पंधरा वर्षांची बोळवण एका वाक्यात झाली आहे. क्लब तोवर खितपत पडला होता, असा त्या वाक्याचा सूर. मला लिहायचं आहे ते नेमकं त्या पंधरा वर्षांबद्दल.

२०११-१२ च्या हंगामात, म्हणजे हे नट येण्याच्या कितीतरी आधी, रेक्सहॅमची मालकी त्याच्या चाहत्यांच्या ट्रस्टकडे आली होती. त्या वर्षी ४६ सामन्यांत त्यांनी ९८ गुण मिळवले. कुठल्याही लीगमध्ये ९८ गुणांना विजेतेपद मिळावं. पण फ्लीटवुडने १०३ मिळवले, रेक्सहॅम दुसरं आलं, आणि प्ले-ऑफच्या, म्हणजे वर जायच्या उरलेल्या एका जागेसाठीच्या बाद सामन्यांच्या, उपांत्य फेरीत ल्युटनकडून हरून जिथल्या तिथे राहिलं. मग फ्लीटवुडबरोबर वर गेलं कोण? ८३ गुण मिळवून चौथं आलेलं यॉर्क सिटी. हा माझा क्लब. अंतिम सामन्यात आम्ही ल्युटनला २-१ हरवलं, तेव्हा वेम्ब्लीवर ओरडून घसा बसलेल्यांत मीही होतो. हे आधीच सांगतो, कारण पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की यंदा स्वतःचं घोडं अडलं म्हणून हा माणूस तक्रार करतो आहे. त्या वर्षी दुसरी जागा प्ले-ऑफने ठरवायच्या या नियमाचा फायदा आम्हाला झाला, आणि तरीही तो नियम चुकीचाच होता.

मी यॉर्कमध्ये रेल्वेच्या सिग्नल विभागात नोकरी करतो. इथे येऊन बरीच वर्षं झाली. पहिल्या हिवाळ्यात एका सहकाऱ्याने जुन्या बूथम क्रेसेंट मैदानावर नेलं आणि तेव्हापासून मी या क्लबचा झालो. शिफ्ट आड आली नाही तर घरच्या मैदानावरचा सामना चुकवत नाही.

ज्या वाचकांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रीमियर लीगच्या खाली चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू अशा तीन श्रेणी आहेत. प्रत्येकीत २४ क्लब, प्रत्येकाचे ४६ सामने. या ७२ क्लबांची मिळून इंग्लिश फुटबॉल लीग, म्हणजे ईएफएल. त्याखाली पाचवी श्रेणी नॅशनल लीग. तिथेही २४ क्लब, ४६ सामने. सहाव्या स्तरावर नॅशनल लीगचेच उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग. हंगामाच्या शेवटी चॅम्पियनशिपमधून तीन क्लब खाली येतात आणि लीग वनमधून तीन वर जातात. लीग वनमधून चार खाली, लीग टूमधून चार वर. नॅशनल लीगमधून चार खाली, उत्तर-दक्षिण मिळून चार वर. फक्त लीग टू आणि नॅशनल लीग यांच्यामध्ये दोन खाली, दोन वर. विजेता सरळ जातो. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत सहा क्लब उरलेल्या एका जागेसाठी प्ले-ऑफ खेळतात. सगळ्या दारांत हे एकच एवढं अरुंद का, याला फुटबॉलच्या भाषेत देण्यासारखं उत्तर नाही. उत्तर इतिहासात आहे, त्याकडे पुढे येतो.

आधी हा हंगाम. दार पुरेसं रुंद असलं की काय होतं ते ३ मे रोजी लीग टूच्या शेवटच्या दिवशी दिसलं. जानेवारीत वॉल्सॉल १२ गुणांच्या आघाडीने पहिलं होतं. मग उसनवारीवर आलेला त्यांचा तरुण आघाडीवीर नेथन लो याला त्याच्या मूळ क्लबने, स्टोकने, परत बोलावलं आणि वॉल्सॉल जिंकायचं विसरल्यासारखं झालं. आघाडी आटत आटत शेवटच्या शनिवारी गणित असं उरलं: डॉनकॅस्टर आणि पोर्ट व्हेल वर गेलेले, थेट बढतीच्या तिसऱ्या आणि शेवटच्या जागेसाठी ब्रॅडफर्ड आणि वॉल्सॉल. वॉल्सॉलने क्रूमध्ये १-० असा विजय मिळवला. ब्रॅडफर्डमध्ये फ्लीटवुडविरुद्ध अजून ०-०. तसंच राहिलं असतं तर वॉल्सॉल वर गेलं असतं.

मी कामावर होतो. माझ्या शिफ्टला ब्रॅडफर्डचा एक जण आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. सुट्टी संपली, तो फोन खिशात घालून उठला आणि दारापर्यंत जाऊन परत आला. भरपाई वेळेचं सहावं मिनिट. कुणाचा तरी फटका ब्रॅडफर्डच्या सार्सेविचच्या पायाला लागून दिशा बदलत जाळ्यात गेला. माझा सहकारी ओरडला नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. ब्रॅडफर्डच्या माणसाला हा मे महिना तसाही जड होता. ११ मे १९८५ रोजी याच मैदानावर तिसऱ्या श्रेणीच्या विजेतेपदाचा सोहळा चालू असताना लाकडी स्टँडला आग लागली आणि ५६ माणसं गेली, त्याला यंदा चाळीस वर्षं झाली.

वॉल्सॉलचं पुढे काय झालं? प्ले-ऑफची उपांत्य फेरी त्यांनी जिंकली, पण अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर ते एएफसी विम्बल्डनकडून १-० ने हरले. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं. पण अन्याय झाला असं मी म्हणणार नाही. चार जागा होत्या, १२ गुणांची आघाडी होती, ती त्यांच्या हातून गेली. ब्रॅडफर्ड ७८ गुणांवर वर गेलं, वॉल्सॉल ७७ वर राहिलं. एका गुणाने वरखाली झालेले दोन क्लब, निकाल कठोर असला तरी कुणालाही समजावून सांगता येतो.

आता खालच्या श्रेणीत या. तितकेच ४६ सामने खेळून बार्नेटने १०२ गुण मिळवले आणि विजेतेपद घेतलं. त्यांचं मनापासून अभिनंदन. २०१८ मध्ये ते ईएफएलबाहेर गेले होते, सात वर्षांनी परतले. दुसरं यॉर्क सिटी, ९६ गुण. वरच्या श्रेणीत ब्रॅडफर्डला थेट बढती देणाऱ्या गुणांपेक्षा हे १८ जास्त आहेत. दोन वेगळ्या लीगचे गुण एकाच तराजूत घालता येत नाहीत, हे मला कळतं. पण एका हंगामात ९६ गुण मिळवणाऱ्या क्लबला अजून काय सिद्ध करायचं उरतं?

या हंगामात आमचे प्रशिक्षक होते ॲडम हिन्शेलवुड. सहाव्या श्रेणीतल्या वर्दिंगहून ते आले आणि त्यांच्या मागोमाग तिथला गोल करणारा ओली पिअर्स आला. या दोघांमुळे मंगळवारच्या रात्रीच्या सामन्यांनाही बसला गर्दी होऊ लागली. एरवी मंगळवारी बसमध्ये हवी ती जागा मिळायची. बार्नेट जिंकलं की आम्ही जिंकायचो, आम्ही जिंकलो की बार्नेट. महिनोन् महिने हे चाललं. माझ्या शेजारचे गृहस्थ यॉर्कच्या रेल्वेचे डबे बनवायच्या कारखान्यात होते, तो १९९६ ला बंद पडेपर्यंत. त्यांच्याकडे लाल पुठ्ठ्याची वही आहे. दर सामन्यानंतर पेन्सिलीने तीन आकडे लिहितात: आपले गुण, वरच्याचे गुण, फरक. वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला त्यांनी १०१ लिहून ठेवलं आहे. १९८३-८४ मध्ये यॉर्कने चौथ्या श्रेणीत १०१ गुण मिळवले. फुटबॉल लीगच्या, म्हणजे आजच्या ईएफएलच्या, इतिहासात शंभरी ओलांडणारा हा पहिला क्लब. ते सगळं त्यांनी उभं राहून पाहिलं, कारण तेव्हा स्टँडमध्ये उभंच राहायचं असे. यंदाच्या शेवटच्या पानावर ९६ आहे, त्याखाली दोन रेघा.

दुसऱ्या क्रमांकाचं बक्षीस एवढंच की प्ले-ऑफची पहिली फेरी खेळावी लागत नाही आणि उपांत्य सामना घरी होतो. समोर ओल्डहॅम आलं, पाचव्या क्रमांकाचं, आमच्याहून २३ गुणांनी मागचं. ते हॅलिफॅक्सला हरवून ताज्या दमाने आले होते. आम्ही वाट पाहून पाहून ताठरलो होतो. शहराबाहेर माँक्स क्रॉसच्या नव्या मैदानावर आम्ही ०-३ हरलो. त्या दिवशी ओल्डहॅम चांगलं खेळलं, याबद्दल दुमत नाही. तिसरा गोल झाल्यावर आमच्या बाजूची माणसं उठायला लागली. शेजारचे गृहस्थ मात्र शेवटच्या शिट्टीपर्यंत बसून राहिले, खेळाडू आभार मानायला आले तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि पार्किंगपर्यंत आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही. १ जूनला अंतिम सामन्यात ओल्डहॅमने साउथएंडला जादा वेळेत ३-२ हरवलं. पाचव्या श्रेणीच्या त्या सामन्याला वेम्ब्लीवर पन्नास हजारांहून जास्त माणसं होती.

ओल्डहॅमबद्दल माझ्या मनात राग नाही. १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली तेव्हा ते तिच्या पहिल्या २२ क्लबांत होते आणि २०२२ मध्ये प्रीमियर लीग खेळलेला पण ईएफएलबाहेर फेकला गेलेला पहिला क्लबही तेच. त्या गावाने पुरेसं सोसलं आहे. मला हवं आहे ते एवढंच की ओल्डहॅमही वर जावं आणि यॉर्कही. २०१२ मध्ये यॉर्कही जायला हवं होतं आणि रेक्सहॅमही. विजेता, उपविजेता आणि प्ले-ऑफ जिंकणारा, अशा तीन जागा. प्ले-ऑफची मजा जशीच्या तशी राहील, दुसरा क्रमांक मात्र फुकट जाणार नाही.

हा केवळ एका वर्षाचा योगायोग असता तर हे पत्र लिहिलं नसतं. दोनच वर्षांपूर्वी नॉट्स काउंटीने १०७ गुण मिळवले. ४६ सामन्यांत त्यांचे तीन पराभव. १८६२ ला स्थापन झालेला, जगातला सर्वांत जुना व्यावसायिक क्लब. पण रेक्सहॅमने १११ मिळवले होते, म्हणून काउंटी प्ले-ऑफमध्ये. उपांत्य सामन्यात घरच्या मैदानावर बोरम वुडविरुद्ध ०-२ ने मागे पडले, भरपाई वेळेत बरोबरी साधली आणि जादा वेळेच्या अगदी शेवटी जिंकले. अंतिम सामना चेस्टरफिल्डविरुद्ध पेनल्टी शूटआऊटवर. म्हणजे १०७ गुणांचा हंगाम शेवटी शूटआऊटवर टिकला. ते दोन दिवस वाईट गेले असते तर आजही काउंटी कदाचित पाचव्या श्रेणीत असते.

आता इतिहास. १९८६ पर्यंत या दोन श्रेणींमध्ये दार नव्हतंच. चौथ्या श्रेणीत तळाला आलेले चार क्लब दर उन्हाळ्यात पुन्हा निवडून येण्यासाठी अर्ज करायचे आणि लीगमधले क्लब मत द्यायचे. आपल्यातल्याच सभासदाला बाहेर कोण काढणार? उद्या आपली पाळी आली तर? म्हणून बहुतेक जुनेच निवडून यायचे. १९८० मध्ये लीगबाहेरच्या ऑल्ट्रिंगमला २५ मतं पडली आणि लीगमधल्या रॉचडेलला २६. ऑल्ट्रिंगम आजवर लीगमध्ये पोचलेलं नाही. ज्यांना बाहेर काढलं त्यांचीही तीच गत: बॅरो १९७२ मध्ये मतदानात गेलं आणि परत यायला त्याला २०२० उजाडलं.

१९८६-८७ पासून मैदानावरचा निकाल लागू झाला. एक खाली, एक वर. त्या पहिल्या वर्षी शेवटच्या दिवशी टॉर्कीचा बचावपटू जिम मॅकनिकल याला पोलिसांच्या कुत्र्याने चावा घेतला. त्याच्या उपचारासाठी वाढवून मिळालेल्या मिनिटांत टॉर्कीने बरोबरीचा गोल केला आणि गोलफरकावर लिंकन सिटी खाली गेलं. गोष्ट म्हणून ती सगळे सांगतात. मला मात्र त्या वर्षी वर आलेल्या क्लबचं जास्त वाटतं. तो क्लब होता स्कारबरो, यॉर्कपासून आगगाडीने तासाभरावरचं समुद्रकाठचं गाव. नील वॉर्नक तेव्हा त्यांचे प्रशिक्षक. नियम बदलला नसता तर स्कारबरोला लीग दिसली नसती.

बारा वर्षांनी, ८ मे १९९९ ला, तेच स्कारबरो शेवटच्या दिवशी पीटरबरोशी १-१ बरोबरीत राहिलं. कार्लाइलमध्येही प्लिमथविरुद्ध १-१ होतं, आणि तसंच राहिलं तर कार्लाइल खाली जाणार होतं. स्कारबरोचे लोक मैदानात उतरून कानाला रेडिओ लावून उभे होते, काही जण नाचायलाही लागले होते. कार्लाइलला भरपाई वेळेत कॉर्नर मिळाला. स्विंडनहून उसनवारीवर आलेला गोलरक्षक जिमी ग्लास स्वतःचं जाळं मोकळं सोडून धावत पुढे आला. हेडर प्लिमथच्या गोलरक्षकाने अडवला, चेंडू ग्लासच्या पुढ्यात पडला आणि त्याने उजव्या पायाने तो आत मारला. स्कारबरो खाली गेलं. त्या गोलची चित्रफीत इंग्लंडमध्ये दर मे महिन्यात दाखवतात. स्कारबरोचं पुढे काय झालं ते फारसं कुणी दाखवत नाही. तेव्हा वर जायला एकच जागा होती. ती त्यांना पुन्हा मिळाली नाही. कर्ज साचत गेलं आणि २००७ मध्ये १८७९ चा तो क्लब दिवाळखोरीत बंद पडला. चाहत्यांनी नवा क्लब काढला, पण बरीच वर्षं त्यांना दुसऱ्या गावात खेळावं लागलं.

लीग टूमधल्या क्लबांचे अध्यक्ष तिसऱ्या जागेला विरोध करतात तेव्हा त्यांच्या मनात हीच भीती असते. खाली गेलो तर संपलो. ती भीती खोटी नाही. खाली आलेल्या क्लबला ईएफएलकडून दोन वर्षं काही रक्कम मिळते आणि मग ती थांबते. टेलिव्हिजनच्या पैशाचा वाटा जातो. खेळाडूंचे करार जुन्या पगारांचे, प्रेक्षक कमी. यॉर्कने हे भोगलं आहे. २०१६ ला आम्ही लीग टूमधून पडलो आणि सावरायच्या आतच २०१७ ला सहाव्या श्रेणीत गेलो. त्याच वर्षीच्या मे महिन्यात वेम्ब्लीवर एफए ट्रॉफी हा चषकही जिंकला. एकाच हंगामात चषक आणि घसरण. पाचव्या श्रेणीत परत यायला २०२२ लागलं. २०१२ ला वेम्ब्लीवर आम्ही ज्या ल्युटनला हरवलं, ते २०२३ मध्ये प्रीमियर लीगमध्ये होते.

पण या भीतीतून निघणारा निष्कर्ष मला उलटा वाटतो. पडणं जीवघेणं का ठरतं? परत येण्याची वाट जवळजवळ बंद असते म्हणून. त्याचा पुरावा कार्लाइलच आहे. २००४ मध्ये कार्लाइल आणि यॉर्क दोघं एकत्र लीगबाहेर गेले. तोवर पाचव्या श्रेणीतून वर जाणाऱ्या जागा एकाच्या दोन झालेल्या होत्या. २००५ ला बार्नेट विजेतं ठरलं आणि कार्लाइल प्ले-ऑफमधून परतलं. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी लीग टूचं विजेतेपद घेतलं. जुना नियम असता तर २००५ ला एकटं बार्नेट वर आलं असतं आणि कार्लाइल अडकलं असतं. १९९९ ला एका जागेने स्कारबरो बुडालं, २००५ ला दुसऱ्या जागेने कार्लाइल वाचलं. लीग टूमधल्या कुठल्याही अध्यक्षाने हे दोन क्लब शेजारी ठेवून बघावेत. तिसरी जागा बाहेरच्यांची सोय आहेच, पण उद्या स्वतः पडलो तर तीच आपल्याला वर काढणार आहे.

योग पाहा, यंदा लीग टूमधून खाली आले ते मोरकम आणि पुन्हा कार्लाइल. कार्लाइल २०२३ ला प्ले-ऑफ जिंकून लीग वनमध्ये, २०२४ ला तिथून खाली, २०२५ ला आणखी खाली. आणि वर गेलं पुन्हा बार्नेटच. पुढच्या हंगामात कार्लाइल आमच्याबरोबर असेल, मोठा क्लब, मोठी गर्दी. ऑगस्टमध्ये सुरुवात होईल तेव्हा निदान पाच-सहा क्लब विजेतेपदाच्या तयारीने उतरतील आणि जागा असतील दोन.

आणखी एक आक्षेप ऐकू येतो. नॅशनल लीगचे क्लब ईएफएलच्या दर्जाला उतरतात का? हॅरोगेट आमच्या शेजारचं गाव. २०२० मध्ये त्यांचा क्लब इतिहासात पहिल्यांदाच लीगमध्ये गेला. ईएफएलमध्ये कृत्रिम गवत चालत नाही, म्हणून त्यांनी मैदान उखडून खरं गवत लावलं आणि सुरुवातीचे घरचे सामने डॉनकॅस्टरला खेळले. पाच वर्षं झाली, अजून ते लीग टूमध्ये आहेत. दर्जाची शंका असेल तर तपासणी कडक करा, कागदपत्रं मागा, हिशेब मागा. त्यासाठी दार अरुंद ठेवायची गरज नाही.

याच हंगामात नॅशनल लीगच्या तिन्ही विभागांतल्या सगळ्या, म्हणजे ७२ क्लबांनी मिळून ईएफएलला पत्र लिहिलं आणि तीन जागांची मागणी केली. ईएफएलचे क्लबही ७२. नियम बदलायचा तर त्यांच्या मतानेच बदलेल. त्यांतले निम्म्याहून जास्त तरी या दारापासून इतके लांब आहेत की तिसऱ्या जागेने त्यांचं काहीच बिघडत नाही.

म्हणून आपल्या वाचकांपैकी जे इंग्लंडमध्ये राहतात त्यांना माझी विनंती आहे. स्विंडन, मिल्टन कीन्स, केंब्रिज, श्रूजबरी, ब्रिस्टल इथे मराठी कुटुंबं आहेत आणि यांतल्या प्रत्येक गावचा एक क्लब पुढच्या हंगामात लीग टूमध्ये खेळणार आहे. आपल्या मुलांना तिथे घेऊन जा, तिकीट प्रीमियर लीगच्या मानाने कितीतरी स्वस्त असतं. आणि क्लबच्या अध्यक्षांना एक पत्र लिहून विचारा की तिसऱ्या जागेवर तुमचं मत काय. या स्तरावरच्या क्लबांत अशी पत्रं वाचली जातात. चाहत्यांच्या बैठका होतात, त्यांत अध्यक्ष समोर बसलेले असतात.

आणि आपल्याला एक विनंती. ऑगस्टपासून सोमवारच्या अंकात प्रीमियर लीगच्या गुणतालिकेखाली लीग टूचे शेवटचे चार आणि नॅशनल लीगचे पहिले सात, एवढे अकरा क्लब छापावेत. चार बोटं जागा पुरेल.

आपला नियमित वाचक,
यॉर्क, इंग्लंड